कर्बाचा हिशेब नत्राला वगळून जुळत नाही : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यावरणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

कर्ब उत्सर्जन कमी करण्याची धोरणे एका खात्यात ठरतात आणि नत्रयुक्त खतांची धोरणे दुसऱ्या खात्यात. प्रशासनाच्या सोयीसाठी ही वाटणी समजण्यासारखी आहे. पण पानात, मुळात आणि मातीत हे दोन घटक एकमेकांत इतके गुंतलेले असतात की एकाला वगळून दुसऱ्याचा मांडलेला हिशेब हमखास चुकतो. मृदाशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यावर एवढी एकच गोष्ट आपल्यापुढे सविस्तर मांडावीशी वाटली, म्हणून हा पत्रप्रपंच.

कर्बचक्राची ढोबळ आकडेवारी आपणास परिचित असेलच. जमिनीवरील वनस्पती दरवर्षी सुमारे १२० अब्ज टन कर्ब हवेतून घेतात आणि श्वसनातून व कुजण्यातून जवळपास तेवढाच परत जातो. या देवाणघेवाणीत आपण कोळसा, तेल आणि वायू जाळून दरवर्षी साधारण १० अब्ज टनांची भर घालतो. त्यातला निम्म्याच्या आसपास हवेत साचतो, उरलेला समुद्र आणि वनस्पती-माती शोषून घेतात. म्हणूनच औद्योगिक युगापूर्वी दशलक्ष भागांत २८० असलेले कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आज ४२० च्या वर गेले आहे. निसर्ग आपला निम्मा भार उचलतो, हे वाक्य भाषणांत वारंवार ऐकू येते. हा भार तो कशाच्या बळावर उचलतो आणि कुठवर उचलू शकेल, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

त्या उत्तराचा मोठा भाग नत्रात आहे. हवेतला कर्ब पकडणारे पानातले प्रथिन नत्राशिवाय बनत नाही, आणि पानातल्या एकूण नत्राचा बराच मोठा वाटा त्या एकाच प्रथिनात अडकलेला असतो. हवेत ७८ टक्के नत्र आहे हे खरे. पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट बांधलेले असतात की वनस्पतींना तो थेट वापरता येत नाही. तो बंध तोडण्याची किमया मोजक्या सूक्ष्मजीवांनाच साधली आहे. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठी हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. (चांगली काम करणारी गाठ चिरून पाहिल्यास आतून गुलाबी-लालसर दिसते, विद्यार्थ्यांना हे दाखवताना मला आजही आनंद होतो.) या गाठींतले जीवाणू फुकट राबत नाहीत. वनस्पती त्यांना साखर पुरवते, म्हणजे नत्राची किंमत कर्बात चुकवते. १९१३ पासून माणूस हेच काम कारखान्यात प्रचंड दाब आणि उष्णता वापरून करू लागला, आणि तिथेही किंमत कर्बातच चुकवावी लागते. फक्त तो कर्ब जमिनीखालच्या इंधनातून येतो.

कुजण्याच्या प्रक्रियेत हे नाते सर्वांत स्पष्ट दिसते. गव्हाच्या काडात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे सुमारे ८० भाग असतात, तर ते कुजवणाऱ्या जीवाणूंच्या शरीरात साधारण ८. खाल्लेल्या कर्बाचा बराच हिस्सा ते श्वसनात खर्च करतात, त्यामुळे त्यांना सुमारे २४ भाग कर्बाला एक भाग नत्र असे अन्न मानवते. काडातून तेवढे नत्र मिळत नाही, म्हणून ते मातीतले उपलब्ध नत्र ओढून घेतात आणि पुढचे पीक काही आठवडे पिवळे पडते. काड गाडावे असा सल्ला देताना हे सांगितले नाही, तर शेतकरी पुढच्या वर्षी ते जाळणारच. जाळल्यावर कर्ब तर हवेत जातोच, शिवाय काडातले बहुतांश नत्रही त्याच धुरातून निघून जाते.

आता धोरणाच्या आकड्यांकडे येतो. २०१५ च्या पॅरिस हवामान परिषदेच्या वेळी ‘हजारी चार’ हा उपक्रम जाहीर झाला. मातीतला सेंद्रिय कर्ब दरवर्षी हजारात चार भागांनी वाढवावा, ही त्यामागची कल्पना. मातीत कर्ब साठवला जावा असे मलाही मनापासून वाटते. पण मातीतल्या स्थिर सेंद्रिय द्रव्यात कर्ब आणि नत्राचे गुणोत्तर साधारण १२ ला १ असते, म्हणजे एक टन कर्ब टिकवायला ८० किलोहून अधिक नत्र त्यासोबत अडकून पडावे लागते. दरवर्षी १.२ अब्ज टन कर्ब साठवायचा म्हटले तर सुमारे १० कोटी टन नत्र लागेल, आणि जगभरात वर्षाकाठी तयार होणाऱ्या रासायनिक खतांतले एकूण नत्र याहून फार जास्त नाही. एवढे नत्र कुठून येणार, हा प्रश्न कर्बसाठ्याच्या एकाही प्रस्तावातून गाळला जाऊ नये.

ते खताच्या गोणीतून आले, तर हिशेब आणखी बिघडतो. शेतात घातलेल्या नत्रापैकी जगभराच्या सरासरीने निम्म्याच्या आसपासच पिकाला मिळते. उरलेल्यापैकी काही अमोनिया होऊन उडते. काही नायट्रेटच्या रूपात पाण्याबरोबर खाली झिरपते, कारण मातीचे कण ऋणभारित असतात आणि नायट्रेटही ऋणभारित असल्याने त्याला धरून ठेवायला तिथे फारसे काही नसते. काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या मोजपट्टीवर या वायूचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० किलोंइतकी उष्णता अडवतो. मातीत जमा केलेल्या कर्बाची कमाई अशी दुसऱ्या दाराने निघून जाऊ शकते.

जंगलांबाबतही हाच इशारा मिळालेला आहे. अमेरिकेतील ओक रिज येथे उभ्या झाडांना अनेक वर्षे जादा कार्बन डायऑक्साइड पुरवला गेला. सुरुवातीला झाडे जोमाने वाढली, पण नत्र अपुरे पडू लागल्यावर तो लाभ ओसरत गेला. वृक्षलागवडीच्या प्रत्येक रोपाच्या नावावर ठरावीक कर्ब आधीच जमा धरणारे तक्ते मी पाहिले आहेत. त्यांत मातीतल्या नत्राचा रकाना कुठेच नसतो.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, मातीत वा जंगलात कर्ब साठवण्याच्या कोणत्याही प्रकल्पाला मान्यता देताना त्याचा नत्रताळेबंद मागावा, म्हणजे नत्र कुठून येणार, किती टिकणार आणि किती कोणत्या रूपात निसटणार, हे लेखी असावे. जिथे खत वापरले जाईल तिथे नायट्रस ऑक्साइडचे मोजमाप करून ते कर्बाच्या जमेतून वजा करावे. शेंगवर्गीय पिकांच्या फेरपालटीला खतांइतकेच धोरणात्मक बळ द्यावे. तसेच प्रवाहांकाठच्या पाणथळ जागा पडीक म्हणून भराव टाकून बुजवू नयेत. तिथले जीवाणू कुजणाऱ्या पाचोळ्यातला कर्ब खाऊन नायट्रेटचे पुन्हा निरुपद्रवी नत्रवायूत रूपांतर करतात, आणि हे काम करणारी यंत्रणा बांधायची झाली तर तिला फार खर्च येईल.

यासाठी आपले खाते आणि कृषी खाते यांची एक संयुक्त तांत्रिक समिती पुरेशी ठरेल. पहिल्या बैठकीत समितीने सध्या मंजूर असलेला कोणताही एक कर्बप्रकल्प घ्यावा आणि त्याच्या अहवालात नत्राचा उल्लेख किती ठिकाणी आहे, एवढेच तपासावे.

आपला नम्र,
मृदाशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक