टायटॅनियमच्या फ्रेमसाठी, काका, मनापासून आभार

आदरणीय काका,

माझ्या एकचाकी सायकलची फ्रेम आली, चाकावर चढली आणि आरे-वारेचा घाटही चढून आली. हे सगळं तुम्हाला तोंडी सांगून झालंय. तरीही चारचौघांत लिहून आभार मानावेत असं फार दिवस मनात होतं. तुम्ही मला जे समजावलंत ते माझ्या एकटीच्या वहीत पडून राहू नये. उद्या आणखी कोणाला युनिसायकलसाठी, म्हणजे एकचाकीसाठी, टायटॅनियमची फ्रेम करून घ्यायची असेल, तर टायटॅनियम जोडण्यात हयात घालवलेला माणूस त्याला शेजारी मिळेलच असं नाही.

माझी ३६ इंची एकचाकी तुम्ही पहिल्यांदा पाहिलीत तेव्हा 'हे कशाला?' असं विचारलं नाहीत. रत्नागिरीत बाकी सगळे तेच विचारतात. तुम्ही खाली वाकून बेअरिंगच्या बोल्टपाशी धरलेला गंज नखाने खरवडलात आणि म्हणालात, "खारा वारा लोखंडाला सोडत नाही." माझं दुखणं नेमकं तेच होतं. आपला रस्ता समुद्राला लागून जातो, चढाला घाम थेट फ्रेमवर गळतो, आणि रंग कितीही चांगला दिला तरी वेल्डिंगपाशी आधी उचलतो.

परदेशातल्या एका कारागिराने मापाप्रमाणे फ्रेम करून द्यायचं कबूल केलं होतं. पण त्याने पाठवलेल्या कागदावर नुसते रिकामे रकाने होते: नळीचा व्यास, पत्र्याची जाडी, वरच्या कमानीचा आकार, बेअरिंगमधलं अंतर, ब्रेक कुठे, सीटपोस्ट (सीटखालची दांडी) किती मिमी. प्रत्येक रकान्यात आकडा हवा होता. तो कागद घेऊन मी तुमच्या ओटीवर आले. अंबरनाथच्या कारखान्यात तुम्ही वर्षानुवर्षं टायटॅनियमचे हीट एक्स्चेंजर जोडलेत, तेव्हा धातू कोणता घ्यावा एवढं तुम्ही सांगाल अशी माझी अपेक्षा होती. तुम्ही धातूचं नावही न काढता विचारलंत, "अगो, भार कुठून येतो ते आधी सांग."

तुमच्या त्या एका प्रश्नाने सगळा क्रम बदलला. सायकलला दोन चाकं, मध्ये त्रिकोण, भार वाटला जातो. एकचाकीच्या फ्रेमला चाकाच्या दोन बाजूंना दोन पाय, वर एक कमान, त्यावर सीटची नळी, संपलं. उजवं पेडल दाबलं की चाक दोन पायांच्या मधे एका अंगाला कलायला बघतं, डावं दाबलं की दुसऱ्या. चढाला मी सीटच्या पुढचं हँडल जोर लावून वर ओढते, तो सगळा ताण सीटची नळी कमानीला जिथे मिळते त्या सांध्यावर येतो. हे मी बोलत होते आणि तुम्ही कागदावर बाण काढत होतात. मग कुठला बाण कुठल्या वेल्डवर संपतो ते पेन्सिलीने गोल करून दाखवलंत.

त्यानंतर खडूची कल्पना. जुन्या फ्रेमच्या कमानीला आणि दोन्ही पायांना तुम्ही स्वतः पांढरा खडू फासलात, मला काळी पँट घालून यायला सांगितलंत आणि मैदानात फेऱ्या मारायला लावल्यात. उतरल्यावर पाहिलं तर दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या बाजूला, बरोबर कमानीच्या कोपऱ्यांच्या उंचीवर, खडूचे पट्टे उमटले होते. उजवा डाव्यापेक्षा ठळक. टाचेपाशी फ्रेमच्या डाव्या पायावरचा खडू पुसला गेला होता. चपट्या, चौकोनी कमानीवर पाय टेकवून एका पायाने चालवता येतं, कसरती करणाऱ्यांना ती लागते. मला लांब रस्त्यावर बसून जायचं आहे. त्यामुळे कमान गोल आणि खांद्यात अरुंद असावी हे त्या पँटकडे बघूनच ठरलं. तुमच्या वर्निअरने पट्ट्यांची मापं घेऊन तुम्ही ती थेट रकान्यात भरलीत.

नळीच्या व्यासावर तुम्ही सगळ्यात जास्त वेळ दिलात, आणि माझ्या मते या फ्रेमचं सगळं चांगलेपण तिथेच आहे. लोक टायटॅनियम घेतात ते हलकं म्हणून. पोलाद पाण्याच्या ७.८५ पट जड, टायटॅनियम साधारण ४.५ पट, हे खरं. पण लवचिकतेचा आकडा (जितका मोठा तितका धातू ताठ) तुम्ही शेजारी लिहिलात: पोलादाचा सुमारे २०५ गिगापास्कल, टायटॅनियमचा १०५ च्या आसपास. म्हणजे जुन्या फ्रेमच्याच मापाची नळी टायटॅनियममध्ये केली तर ती जवळपास दुप्पट वाकणार. ३६ इंची चाकाला फ्रेमचे पाय चांगले लांब लागतात, तिथे हे वाकणं लगेच जाणवतं. टायर एका बाजूला सरकतो, रिमवरचा ब्रेक असेल तर प्रत्येक पेडलला घासतो.

मग वहीच्या मागच्या पानावर तुम्ही लिहिलंत: जाडी तीच ठेवून व्यास वाढवला तर ताठपणा व्यासाच्या घनाने वाढतो. २५ मिमीची नळी ३२ मिमीची केली की १.२८ गुणिले १.२८ गुणिले १.२८, म्हणजे २.१. पोलादाच्या तुलनेत जे गेलं ते परत मिळालं, वजन तरीही कमीच. वर ३२ आणि खाली टाच जाते तिथे नळी दाबून चपटी करायची, हे तुम्हीच सुचवलंत. कारागिराने ते वाचून लगेच होकार दिला आणि हे कोणी सुचवलं असं विचारलं. मी तुमच्याबद्दल लिहिलं तेव्हा मला फार अभिमान वाटला.

वजनाबद्दल तुम्ही तोंडावर सांगितलंत तेही इथे लिहिते, कारण ते कोणी सांगत नाही. किलोभराच्या फ्रेममध्ये वाचून वाचणार काहीशे ग्रॅम. फिरतं वजन रिम, टायर आणि ट्यूबमध्ये असतं. वजनच कमी करायचं असेल तर पैसे तिकडे घालावेत. टायटॅनियम घ्यायचं ते गंजत नाही म्हणून, रंगाची गरज नाही म्हणून, आणि नीट जोडलं तर वर्षानुवर्षं झटके सोसतं म्हणून.

ब्रेकचा निर्णय आपल्या पावसाने केला. एकचाकीला फ्रीव्हील नसतं, म्हणजे चाक फिरतंय तोवर पेडलही फिरत राहतात. चाकाच्या एका फेरीत सुमारे २.९ मीटर अंतर जातं आणि उतारावर तेवढ्या प्रत्येक फेरीला पाय मागे दाबत राहावं लागतं. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा पकडतो, म्हणून डिस्क, म्हणजे वेगळ्या चकतीवर पकडणारा ब्रेक. माझा हब (चाकाचा मधला तुंबा) १०० मिमीचा, त्यामुळे डिस्क फ्रेमच्या बाहेर, क्रँकच्या म्हणजे पेडलच्या दांड्याच्या बाजूला. तुम्ही लगेच म्हणालात की ब्रेकचा सगळा पीळ फ्रेमच्या एकाच पायात जाणार, तर त्या पायाला तिथे जाड तुकडा द्यायला सांग. सीटच्या नळीला जी चीर देतात तिच्या टोकाला गोल भोक हवं, नाहीतर तिथूनच तडा सुरू होतो, हेही तुम्हीच लिहायला लावलंत.

बेअरिंगच्या बाबतीत तुम्ही अजिबात सूट दिली नाहीत. ४२ मिमीचं बेअरिंग दोन अर्ध्या कड्यांत बसतं. वेल्डिंगच्या उष्णतेने ती कडी ओढली जातात, दोन्ही एका रेषेत राहत नाहीत, म्हणून आतलं अंतिम माप वेल्डिंगनंतरच कापायचं. नळ्या ग्रेड ९ च्या, कडी ग्रेड ५ ची; हे टायटॅनियमच्या मिश्रधातूंचे प्रकार. फ्रेम आली त्या दिवशी तुम्ही दोन्ही कड्यांतून एक घासून तयार केलेला दांडा सरकवलात. हाताने ढकलला तर तो अडखळला नाही, सोडला तर पडला नाही. त्या वेळी तुमचा चेहरा मी पाहिला, काका. एवढं समाधान मला स्वतःला होईपर्यंत आणखी थोडा वेळ लागला.

वेल्डचे फोटो तुम्ही कारागिराकडून टप्प्याटप्प्याने मागवायला सांगितलेत आणि एकेक मोठा करून पाहिलात. चंदेरी असेल तर उत्तम, फिकट पिवळसर चालेल, निळा-जांभळा दिसला तर विचारायचं, राखाडी पूड दिसली तर नको. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषतं आणि काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून वेल्डिंग करताना हवा दूर ठेवायला बाहेरून आर्गॉन वायू आणि नळीच्या आतूनही आर्गॉन. उघड्या बोटाचा तेलकट ठसासुद्धा चालत नाही हे सांगताना तुम्ही आपोआप हात मागे घेतलात, इतकी वर्षं झाली निवृत्त होऊन तरी.

एक गोष्ट तुम्ही सहज बोलून गेलात, ती मी सगळ्यांना सांगत असते. टायटॅनियमचा पहिला शोध लागला तो १७९१ मध्ये, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्र्याला, ओढ्यातल्या काळ्या वाळूत. आणि आपल्या काळबादेवीच्या, भाट्याच्या पुळणीवर जी काळी रेघ दिसते तीत इल्मेनाइट असतं, म्हणजे तीही टायटॅनियमचीच माती. ज्या रस्त्यावर ही फ्रेम फिरते त्याच्या बाजूलाच तिचा धातू पसरलेला आहे. लहानपणापासून पायाला चिकटणारी ती वाळू झटकत आले, पण ती टायटॅनियमची आहे हे कोणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही एक पैसाही घेतला नाहीत. चहा-पोहे काकूंनीच केले, आणि त्यांनी ओटीवरचा खडूचा सडा दोनदा पुसला, त्यांचेही आभार. तुमचं सगळं ज्ञान तुम्ही हातचं काही न राखता माझ्या एका चाकासाठी ओतलंत. हा छंद मोठ्या माणसाचा नाही असं मला अनेकदा ऐकवलं गेलंय. तुम्ही पहिल्या दिवसापासून त्याला कारखान्यातल्या जॉबसारखं वागवलंत, आणि त्यामुळे मीही ते काम तितक्याच नेटाने केलं.

सीटपोस्ट ॲल्युमिनियमचा आहे, तो नळीच्या आत घट्ट अडकून बसू नये म्हणून अधूनमधून काढून ग्रीस बदलायला सांगितलंत. पावसाळा उतरलाय. येत्या रविवारी सकाळी फ्रेम घेऊन येते, बेअरिंगच्या टोप्याही उघडून दाखवायच्या आहेत. डाव्या बाजूचा बोल्ट किती आवळायचा ते मला तुमच्या हाताने एकदा जाणवून घ्यायचंय.

तुमची शेजारीण