फणसाच्या झाडाबाबत समितीला पुन्हा एकदा

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
रत्नागिरी

स. न. वि. वि.

पश्चिमेच्या गडग्यालगतच्या फणसाबद्दल मी आपल्याशी आधी तोंडी बोलले, मग लेखी तक्रार दिली. पोच मिळाली, उत्तर नाही. आपल्याच उपविधींप्रमाणे सभासदाच्या तक्रारीवर समितीने पुढच्या सभेत निर्णय घ्यायचा आणि त्यानंतर पंधरा दिवसांत तो कळवायचा असतो. सभा झाली, रंगकामाचं कोटेशन मंजूर झालं, पण फणस विषयपत्रिकेवर आलाच नाही. म्हणून हे पत्र.

ब विंगच्या तळमजल्यावरच्या सभासदांनी एका रविवारी सकाळी कोयतेवाला आणून जे केलं, त्याला आपण ‘पावसाळ्यापूर्वीची छाटणी’ म्हणालात. छाटणी फांद्यांची होते. आपण एकदा खाली उतरून बुंधा बघावा, अशी हात जोडून विनंती आहे. गुडघ्याच्या उंचीवर वीतभर रुंद साल सोलून काढली आहे, गडग्याकडची चार बोटं तेवढी राहिली आहेत. चीक ओघळून काळा पडलाय आणि त्यात मुंगळे चिकटून मेलेत. बुंध्याला धरलेल्या कुयऱ्या खाली गळून पडल्यात. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून मुळांकडे उतरतं. साल गोल सोलली की मुळांची उपासमार होते आणि झाड महिनोन्‌महिने उभ्याउभ्या वाळत जातं. मग ‘वाळलेलं झाड, धोकादायक आहे’ असा अर्ज करायला रस्ता मोकळा. हे अजाणतेपणी झालं यावर माझा विश्वास नाही.

‘झाड आपल्याच आवारात आहे, नगरपरिषदेचा काय संबंध?’ असं ते जिन्यात सर्वांसमोर म्हणाले आणि आपण गप्प राहिलात. संबंध आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा आहे. जमीन स्वतःच्या मालकीची असो वा नसो, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, असं त्याचं कलम ८ सांगतं. आणि ‘तोडणं’ म्हणजे नुसतं कापणं नव्हे; जाळणं किंवा कुठल्याही प्रकारे झाडाला इजा करणंही त्यात धरलं आहे. अर्ज आला की वृक्ष अधिकारी स्वतः येऊन पाहणी करतात, झाडावर नोटीस लावतात, लोकांच्या हरकती घेतात. आपल्या फणसावर कधी नोटीस दिसली का? २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष धरलं जातं. इथे मूळ मालकांची वाडी होती तेव्हापासूनचा हा फणस आहे. अ विंगमधल्या आजी लग्न होऊन या आळीत आल्या, तेव्हाही त्याला फणस लागत होते. म्हणजे वय काढायला फार खटपट पडू नये.

वादळात पडेल, ही त्यांची भीती. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते. शेजारच्या बागेतले माड आडवे झाले, आपला फणस एका फांदीवर निभावला. तरीही शंका असेल तर ती वृक्ष अधिकाऱ्यांना विचारायची, कोयतेवाल्याला नव्हे.

खरं कारण त्यांची नवी गाडी आहे, हे सगळी सोसायटी जाणते. पानं पडतात, रात्री वटवाघळं येतात, टपावर घाण होते. ती जागा पार्किंग म्हणून त्यांना कोणत्या सभेत दिली, ते मला इतिवृत्तात सापडलं नाही. आधी तिथली जास्वंद आणि तगर गेली, तेव्हा ‘स्कूटर वळत नाही’ म्हणून आपण सोडून दिलंत. मग बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसले, तेही कोणाला न विचारता. त्यांच्या एसीचं पाणी आमच्या वाळवणावर पडायचं तेव्हाही समितीने ‘आपसात मिटवा’ म्हटलं होतं. मी प्रत्येक वेळी समजुतीने घेतलं. त्याचा अर्थ असा काढला गेला असेल तर मला वाईट वाटतं.

मी एकटी बोलते आहे असं समजू नये. दुसऱ्या मजल्यावरची तिन्ही बिऱ्हाडं, अ विंगमधल्या आजी, आपले वॉचमनदादासुद्धा हेच म्हणतात. सहीसाठी मी कोणाकडे गेले नाही, कारण रोज एकाच जिन्यातून जायचं-यायचं असतं. पण दुपारी अडीचनंतर पश्चिमेच्या खोल्यांना सावली कोण देतं, हे त्या खोल्यांत राहणाऱ्यांना विचारावं.

झाड अजून वाचू शकतं, कारण चार बोटं साल शाबूत आहे. बुंध्याभोवतीचे ब्लॉक या आठवड्यात काढावेत. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच झाडांभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवायला सांगितली होती, आपण तेवढी तरी ठेवू. जखमेचं काय करायचं ते कृषी विद्यापीठातल्या जाणकारांना विचारून करावं आणि तो खर्च संस्थेच्या निधीतून न करता ज्यांनी साल काढली त्यांच्याकडून घ्यावा. त्यांची गाडी पाण्याच्या टाकीमागे लागू शकते, तिथे एकही झाड नाही.

झाल्या प्रकाराची माहिती संस्थेने स्वतः नगरपरिषदेच्या वृक्ष अधिकाऱ्यांना लेखी द्यावी. येत्या सभेत हा विषय आला नाही, तर दुसऱ्या दिवशी मी फोटोंसह तक्रार घेऊन जाईन. तिचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यात समितीला दिलेल्या पत्राच्या पोचेचाही उल्लेख आहे.

आपली,
ब विंग, तिसऱ्या मजल्यावरील सभासद

सोबत : बुंध्याचे फोटो, आधीच्या तक्रारीची पोच, वृक्ष अधिकाऱ्यांना द्यायच्या तक्रारीचा मसुदा