सकाळच्या त्या पंधरा मिनिटांसाठी, मनापासून आभार

प्रिय मॅडम,

तुम्ही पवईचं ऑफिस सोडलंत त्या दिवशी निरोपाच्या गडबडीत नीट बोलता आलं नाही. सगळे तुमच्या मोठ्या प्रोजेक्टबद्दल बोलले. मला मात्र आभार मानायचे आहेत ते आपल्या रोजच्या स्टँड-अपसाठी, म्हणजे सकाळच्या त्या छोट्या टीम मीटिंगसाठी. आता दुसऱ्या टीममध्ये ती मीटिंग मी घेते, आणि तुम्ही काय करत होतात ते आत्ता कुठे नीट उमगतंय.

तुम्ही येण्याआधी ती मीटिंग म्हणजे हजेरी होती. मॅनेजरकडे बघून काल काय केलं ते सांगायचं आणि बाकीच्यांनी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसायचं. पाऊण तास सहज जायचा. तुम्ही बोलणाऱ्याकडे बघणंच सोडलंत. नजर कायम बोर्डावर, जिथे कोणतं काम कुठवर आलंय ते रकान्यांत मांडलेलं असायचं. मग माणूस आपोआप शेजारच्याला सांगायला लागला, कारण ते काम खरं तर त्या शेजारच्याच्याच उपयोगाचं असायचं.

बोर्डही तुम्ही उजवीकडून घ्यायचात. जे संपत आलंय ते आधी, नवीन कामं शेवटी. एकदा पेमेंटच्या कामाचं एक कार्ड टेस्टिंगच्या रकान्यात दिवसेंदिवस अडकून पडलं होतं. टेस्टिंगमधली नवी मुलगी हळूच म्हणाली, "मला अजून सर्व्हरचा अ‍ॅक्सेसच नाहीये." "आधी का नाही बोललीस?" असं तुम्ही म्हणाला नाहीत. "कोणाकडून मिळतो तो?" एवढंच विचारलंत आणि मीटिंग संपल्यावर तिला सोबत घेऊन त्या माणसाच्या टेबलापाशी गेलात. त्यानंतर ती स्वतःहून अडचणी सांगायला लागली. तिचं बघून बाकीचेही. माझ्या मते आपली टीम तिथे बदलली.

केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांच्या स्क्रम गाइडमध्ये, म्हणजे स्क्रम या टीमने काम करण्याच्या पद्धतीच्या मार्गदर्शिकेत, या मीटिंगला पंधरा मिनिटांची मर्यादा आहे, पण काल काय, आज काय, अडचण काय हे ठरावीक तीन प्रश्न 2020 च्या आवृत्तीतून काढून टाकलेत. ते वाचताना तुमची आठवण झाली. कोणी डेटाबेसच्या खोलात शिरलं की तुम्ही फळ्याच्या कोपऱ्यात तो विषय लिहायचात आणि ज्यांचा संबंध आहे तेवढ्यांनाच नंतर थांबवायचात. बाकीचे कामाला मोकळे.

वेळ ठरवतानाही तुम्ही आधी विचारलंत, कोण कुठून येतं. कल्याण, विरार, पनवेल. साडेनऊची मीटिंग साडेदहावर आणलीत, कारण घाटकोपरला उतरून पुढे रिक्षाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाने धापा टाकत स्टेटस द्यावं हे तुम्हाला पटत नव्हतं. जुलैत लोकल रखडल्या की आम्ही प्लॅटफॉर्मवरून फोनने जोडले जायचो, आणि तुम्ही आमचं बोलणं आधी घ्यायचात, कारण नेटवर्क कधी जाईल सांगता येत नसे.

माझ्या टीममध्ये अजून दोघं माझ्याकडेच बघून बोलतात. मी बोर्डाकडे बघत राहते. तुम्हाला कधी सवड झाली, तर एखाद्या सकाळी साडेदहाला कॉलवर या. काय चुकतंय ते तुम्ही सांगितलेलं मला फार आवडेल.

तुमची,
टीममधली एक