परवाना माणसाला, बंदूक मात्र घरभर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेतवस्त्यांवरच्या चोऱ्यांच्या बातम्या वाढल्या की आपल्याकडे एकच मागणी निघते: शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना सढळ हाताने द्या. मागणीवर माझा आक्षेप नाही. सैन्यातून निवृत्त झाल्यावर काही वर्षे बँकेच्या दारात बाराबोर बंदूक घेऊन उभा होतो, आता रावेर तालुक्यात केळी करतो. रात्रीची लाईट आली की मोटर चालू करायला एकट्याने मळ्यात जाणे काय असते, हे मला कोणी सांगायला नको. पण परवाना मिळाल्यावर ती बंदूक घरात राहते कुठे, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

बऱ्याच घरी ती ओसरीवरच्या खुंटीला असते आणि भरलेली असते. विचारले तर उत्तर ठरलेले, "चोर आल्यावर काडतुसं शोधत बसू का?" काहीजण कपाटात ठेवतात, पण कपाटाची किल्ली देवघरातल्या कोनाड्यात, आणि तो कोनाडा घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तसले कुलूप लावले काय, न लावले काय!

खरी परीक्षा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, होते. लेकी माहेरी येतात, नातवंडांनी घर भरते, झोक्यांवर धुमाकूळ चालतो. उन्हाळा असा की रात्री सगळे धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, नाहीतर अंगणात झोपायला. घर उघडे, बंदूक आत. मग घरातला कर्ता ती वर नेतो आणि उशाशी घेऊन झोपतो, दोन्ही बाजूंना पोरे लोळत असताना. बाहेरून घोडा ओढायच्या जुन्या दुनळी बंदुका आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. त्यातली भरलेली एखादी कडेवरून घसरून आपटली तरी बार उडू शकतो, त्याला चापावर बोट लागतेच असे नाही. अशा रात्री बंदूक खालीच, कुलपात राहिली पाहिजे. धाब्यावर काठी आणि बॅटरी पुरे.

ठेवायची कशी, तर त्यात काही मोठी विद्या नाही. वरची कळ सरकवली की नळ्या पुढून खाली झुकतात आणि मागून उघडतात. उजेडाकडे धरून दोन्ही नळ्यांतून आरपार दिसले पाहिजे. नुसते "रिकामी आहे" या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, स्वतःच्याही नाही. पुढचा लाकडी दस्ता काढला की नळ्या आणि मागचा भाग वेगळे होतात, ते लोखंडी कपाटात. काडतुसे दुसऱ्या कुलपात, कोरड्या जागी; पावसाळ्यात ओल लागली की कागदी काडतुसे फुगतात आणि ऐनवेळी नळीत बसत नाहीत. किल्ली कोनाड्यात नको, करदोऱ्याला हवी, आणि ज्याच्या नावावर परवाना आहे त्याच्याच. परवाना घराचा नसतो, माणसाचा असतो. बाप केळीचा भाव काढायला सावद्याला गेला म्हणून पोराला बंदूक हाती घेण्याचा अधिकार येत नाही. सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, तर नाहीच.

एवढे सगळे केले तर वेळ जातो, हे खरे आहे. तो वेळ बंदूक भरून ठेवून वाचवायचा नसतो, चोराला उशीर लावून मिळवायचा असतो. दाराला आतून आडणा (अडसर), अंगणात रात्रभर दिवा, भुंकणारे कुत्रे, शेजारच्या मळ्यातल्या दोघा-तिघांचे नंबर आणि पोलिसांचा ११२. चोर दाराशी खटपट करतोय तोवर सावध माणसाची बंदूक जोडून होते. झोपेतून दचकून उठलेल्याच्या हातात भरलेली बंदूक असली, तर तो आधी आवाजाच्या दिशेने बार काढतो आणि मग पाहतो. अंधारात त्या दिशेला लघवीला उठलेला सालदारही असू शकतो.

कायद्याचेही दोन शब्द. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. जबरी चोरी किंवा रात्रीची घरफोडी असेल तर प्रसंगी हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत हा हक्क पोचतो, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा त्यात नाही. मोटरची केबल चोरून, पाठ फिरवून पळणाऱ्यावर झाडलेली गोळी संरक्षणात बसवताना वकिलाला घाम फुटेल. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्या हौशी मंडळींसाठी शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, तेही लक्षात असू द्यावे.

आणखी एक गोष्ट, जी पारावर कोणी बोलत नाही. घरात कोणी कर्जाने, आजाराने खचलेला असेल, गप्प गप्प राहत असेल, तर त्या दिवसांत बंदूक घरात ठेवूच नये. भावाकडे, मेव्हण्याकडे ठेवायला देता येत नाही, तो गुन्हा होतो. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर जमा करून पावती घ्यावी. निवडणुकीत आचारसंहिता लागली की बऱ्याच परवानाधारकांच्या बंदुका अशाच ठाण्यात जमा होतात. त्या काळात काही आपल्या वस्त्या लुटून जात नाहीत. मग घरच्या माणसासाठी महिनाभर जमा करायला कसली लाज?

प्रशासनाला माझी मागणी एवढीच. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना मागताना बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून घेतात. ती फाइलला लागते आणि तिथेच राहते. आता परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे, म्हणजे पाच वर्षे कोणी विचारत नाही. नूतनीकरणाच्या वेळी ठाण्यातल्या एका कर्मचाऱ्याने घरी येऊन कपाट, कुलूप आणि काडतुसांची जागा पाहावी, परवानाधारकाकडून बंदूक रिकामी करून घ्यावी. ज्याला ते धड जमत नाही त्याचा कागद तिथेच थांबवावा. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांना हे एका परिपत्रकाने करता येईल.

आपला,
एक माजी सैनिक, ता. रावेर, जि. जळगाव