अनेल्काचा हिशेब नीट मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगच्या पहिल्या मोसमांचा विषय निघाला की फ्रेंच खेळाडू निकोलस अनेल्काच्या नावाआधी ‘भटका’ किंवा ‘पैशामागे धावणारा’ हे विशेषण हटकून येतं. १२ क्लब आणि ७ देश एवढ्यावर त्याची कारकीर्द निकालात निघते. त्या बारांपैकी शेवटचा क्लब आपला मुंबई सिटी. म्हणून मुंबईतल्या वर्तमानपत्रांनी तरी याहून बारकाईने लिहावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मार्टिनिक या कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटावरून आलेल्या आईवडिलांचा हा मुलगा पॅरिसजवळच्या त्राप या वस्तीत वाढला. १९९७ च्या फेब्रुवारीत लंडनच्या आर्सेनल क्लबने त्याला पाच लाख पौंडांत घेतलं तेव्हा तो १७ वर्षांचा होता. पुढच्याच मोसमात आर्सेनलने इंग्लंडची लीग आणि एफए कप ही तिथली बाद फेरीची स्पर्धा दोन्ही जिंकल्या. कपच्या अंतिम सामन्यात न्यूकॅसलवर दुसरा गोल त्याचा. १९९९ मध्ये वेम्बलीवर फ्रान्सने इंग्लंडला २-० असं हरवलं, ते दोन्ही गोलही त्याचेच. त्याच उन्हाळ्यात रेयाल माद्रिदने त्याच्यासाठी दोन कोटी पौंडांहून अधिक रक्कम मोजली. आर्सेनल सोडायचा हट्ट त्याचा होता, हे खरं. पण त्याच पैशातून आर्सेनलने थिएरी ऑन्रीला आणलं आणि लंडन कोल्नीचं नवं सराव केंद्र उभं केलं. अडीच वर्षांत चाळीसपट किंमत वसूल करणारा क्लब हुशार ठरतो आणि जाणारा पोरगा लोभी, हा न्याय मला पटत नाही.

माद्रिदमध्ये सरावाला नकार दिल्याबद्दल त्याच्यावर ४५ दिवसांची बंदी आली. ही गोष्ट सगळे सांगतात. त्यानंतर काही आठवड्यांतच चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या उपांत्य फेरीत बायर्न म्युनिकविरुद्ध दोन्ही लढतींत त्याने गोल केले आणि माद्रिद विजेता ठरला, हे मात्र क्वचितच छापून येतं.

मग पुन्हा त्याचा पहिला क्लब पॅरिस सेंट-जर्मेन, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, इस्तंबूलचा फेनरबाचे (तिथे लीगचं विजेतेपद), आणि २००६ मध्ये बोल्टन. बोल्टनसारख्या छोट्या शहरातल्या क्लबने आठ दशलक्ष पौंड मोजून त्याला घेतलं, त्या मोसमात सातवा क्रमांक मिळवून युरोपीय स्पर्धेत जागा मिळवली आणि दीड वर्षात जवळपास दुपटीने त्याला चेल्सीला विकलं. मे २००८ मध्ये मॉस्कोत मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात त्याची पेनल्टी गोलरक्षक व्हॅन डर सारने अडवली आणि चेल्सीच्या हातून कप गेला. एवढ्या धक्क्यानंतर कितीतरी खेळाडू परत उभे राहत नाहीत. अनेल्काने पुढच्याच मोसमात १९ गोल करून इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचा पुरस्कार, पटकावला, आणि त्यानंतरच्या वर्षी चेल्सीने लीग आणि कप दोन्ही जिंकले. तोवर तरुणपणीचा वेग ओसरला होता. तो मागे येऊन चेंडू घ्यायचा, आघाडीचा जोडीदार द्रोग्बाला जागा करून द्यायचा, गरज पडली तर कडेने खेळायचा. नव्या संघात, नव्या जोडीदाराबरोबर, नव्या भाषेत पुन्हा पुन्हा स्वतःला बसवणं हीच एक मोठी कला आहे, असं मी मानतो.

फ्रान्सच्या संघाने मात्र त्याला कधी नीट सामावून घेतलं नाही. १९९८ च्या विश्वचषकासाठीच्या २८ जणांतून शेवटच्या क्षणी त्याला वगळलं. २००० चा युरो कप त्याने जिंकला, पण विश्वचषक नशिबी आला तो थेट २०१० मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी. तिथेही मेक्सिकोविरुद्ध मध्यंतरात प्रशिक्षक दोमेनेकशी खटका उडाला आणि त्याला घरी धाडण्यात आलं. मग खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकला, आणि महासंघाने त्याच्यावर १८ सामन्यांची बंदी घातली. तोंडावर ताबा ठेवायला हवा होता, यात शंका नाही. पुढे इंग्लंडच्या वेस्ट ब्रॉमविच क्लबकडून खेळताना गोलनंतर त्याने केलेली खूण ज्यूद्वेषी ठरवून पाच सामन्यांची बंदी आली. त्या खुणेचं समर्थन मी करणार नाही.

आता मुंबई. २०१४ मध्ये तो आला तेव्हा ३५ वर्षांचा होता. मी नेरुळचाच, डी. वाय. पाटील स्टेडियम घरापासून जवळ. केरळ ब्लास्टर्सविरुद्ध मध्यंतराच्या तोंडावर त्याच्या पायातून गेलेली फ्री-किक मी पाहिली. सामना त्याच एका गोलने जिंकला. पुढच्या वर्षी खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी त्याने घेतली. गोव्यात ७-० असा दारुण पराभव झाला आणि संघ सहाव्या स्थानावर राहिला, हे नोंदवायलाच हवं. पण त्याच मोसमात, त्याच्या हाताखाली सुनील छेत्रीने नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध हॅट्ट्रिक केली. इंडियन सुपर लीगमधली ती भारतीय खेळाडूची पहिली हॅट्ट्रिक.

त्या दोन मोसमांत संघात असलेल्या भारतीय खेळाडूंना आपल्या बातमीदारांनी गाठावं. अनेल्का सरावात काय सांगायचा, बचावपटूच्या पाठीमागे धाव केव्हा काढायला लावायचा, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावं. ही माणसं अजून आपल्यात आहेत, त्यांच्या आठवणी ताज्या आहेत. क्रीडापानाचा एक रविवार या कामासाठी द्या, एवढंच मागणं.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, नेरुळ, नवी मुंबई