मेमरीतला डेटा उघडाच राहतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

क्लाउडवरच्या डेटाच्या सुरक्षिततेबद्दल आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. ‘डेटा एन्क्रिप्टेड असतो, त्यामुळे सर्व्हर कोणाचा याची काळजी नको’ हा त्यातला मुद्दा अर्धवट आहे. त्याच समजुतीवर आपल्याकडच्या पतसंस्था आणि पॅथॉलॉजी लॅब करारांवर सह्या करतात. मी गेली सोळा वर्षे पुण्यात लिनक्स सर्व्हर सांभाळतो, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवले नाही.

डिस्कवरचा डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा असतो, नेटवर्कवरून जाणाराही असतो. पण खात्यावर व्याज लावायचे तर तो उलगडून मेमरीत आणावाच लागतो आणि तिथे तो उघडा पडतो. भाड्याची व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी यंत्र) ज्या खऱ्या यंत्रावर, म्हणजे होस्टवर चालते, त्या यंत्राच्या ॲडमिनला ही मेमरी वाचता येते. आमच्या टेस्ट सर्व्हरवर मी हे करून पाहिले. व्हीएममध्ये एका काल्पनिक ठेवीदाराची नोंद केली, होस्टवरून मेमरीचा डम्प (जशीच्या तशी नक्कल) घेतला आणि त्यात ते नाव शोधले. नाव, खाते क्रमांक, शिल्लक, सगळे देवनागरीत समोर आले. व्हीएमचा पासवर्ड लागलाच नाही. मग एएमडीच्या एपिक प्रोसेसरवर एसईव्ही, म्हणजे व्हीएमची मेमरी एन्क्रिप्ट करणारी सोय, चालू करून तोच प्रयोग केला. डम्प तेवढाच मोठा होता, पण नाव एकदाही सापडले नाही.

एसईव्हीत प्रत्येक व्हीएमला वेगळी किल्ली मिळते आणि ती प्रोसेसरच्या आतच राहते, होस्टच्या हाती लागत नाही. मात्र नुसती चिप घेऊन भागत नाही, पुढचे सगळे कष्ट कर्नलचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचे आहेत. व्हीएममधला कर्नल आजवर होस्टवर डोळे झाकून विश्वास टाकत आला होता. आता मेमरीचे कोणते पान (छोटा तुकडा) खाजगी आणि कोणते होस्टला दिसू द्यायचे, हे त्यालाच ठरवावे लागते. डिस्कला किंवा नेटवर्क कार्डला काही द्यायचे तर आधी ते सामायिक पानावर उतरवायचे, आणि तिकडून आलेले उत्तरही पारखून घ्यायचे. जुने ड्रायव्हर, म्हणजे डिव्हाइस हाताळणारे प्रोग्राम, लिहिले गेले तेव्हा खुद्द डिव्हाइसच खोटे बोलेल, हे गृहीत धरलेलेच नव्हते. ती सगळी शिस्त नंतर घालावी लागली.

म्हणून याला इतकी वर्षे लागली. होस्टच्या बाजूने एसईव्हीचा आधार लिनक्समध्ये २०१८ साली ४.१६ आवृत्तीत आला. त्याच वर्षी जर्मन संशोधकांनी दाखवून दिले की, होस्टने मेमरीच्या पानांची अदलाबदल केली तर व्हीएममधला वेब सर्व्हर स्वतःच गुपित वाचून बाहेर देतो. त्यावरचा उपाय म्हणजे एसएनपी, एसईव्हीचेच पुढचे रूप. यात कोणते पान कोणाच्या मालकीचे याची नोंद हार्डवेअरच ठेवते. गेस्टची, म्हणजे व्हीएमच्या आतल्या कर्नलची बाजू २०२२ मध्ये ५.१९ आवृत्तीत आली, होस्टची बाजू मात्र २०२४ मध्ये, ६.११ मध्ये. इंटेलची अशीच सोय म्हणजे टीडीएक्स; तिचा गेस्टही ५.१९ मध्येच आला, पण केव्हीएममधून (लिनक्समधल्या व्हीएम चालवणाऱ्या भागातून) टीडीएक्सचे व्हीएम चालवायची सोय २०२५ च्या ६.१६ पर्यंत मूळ कर्नलमध्ये नव्हती.

आता प्रत्यक्षातली गोष्ट. मागच्या वर्षी एका संस्थेचा सर्व्हर तपासायला गेलो होतो. बिलावर ‘कॉन्फिडेन्शियल व्हीएम’ (मेमरीही एन्क्रिप्टेड असलेली व्हीएम) असे स्पष्ट लिहिले होते आणि दरही त्याचाच लावला होता. बूट लॉग, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या नोंदी, उघडला. मेमरी एन्क्रिप्शन चालू असल्याची ओळ कर्नल तिथे छापतो, ती कुठेच नव्हती. कोणीतरी साधेच मशीन निवडले होते. पाच महिने कोणाच्या लक्षात आले नाही, कारण चालू आहे का हे विचारणेच कोणाच्या कामात नव्हते. ठेवीदारांचे पैसे असलेल्या संस्थेत असे व्हावे याचा मला आजही संताप येतो.

तरीही त्या ओळीवर विसंबू नये. व्हीएममध्ये कर्नलच बदललेला असेल तर तो काहीही छापेल. खरा पुरावा ॲटेस्टेशनचा. प्रोसेसर स्वतःच्या सहीने अहवाल देतो की व्हीएम एन्क्रिप्टेड आहे आणि तिची सुरुवात नेमक्या कोणत्या कोडने झाली. तो अहवाल होस्टच्या बाहेर, आपल्या ताब्यातल्या यंत्रावर पडताळायचा आणि मगच डिस्कची किल्ली द्यायची. ही पायरी गाळली तर बाकीच्या खर्चाला अर्थ उरत नाही.

या तंत्रालाही भोके पडतात. डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या बॅडरॅम हल्ल्यात मेमरीच्या पट्टीवरच्या छोट्या चिपला स्वतःचा आकार खोटा सांगायला लावून एसएनपीला चकवले होते. साहित्याचा खर्च जेमतेम दहा डॉलर. एएमडीने फर्मवेअर (चिपमधले सॉफ्टवेअर) दुरुस्त केले, पण ते आपल्या होस्टवर चढले की नाही, हेही त्याच अहवालातल्या आवृत्तीवरून पाहावे लागते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांत एन्क्रिप्शनचा उल्लेख आहे, पण वापरात असलेल्या, मेमरीतल्या डेटाचे वेगळे नाव नाही. त्यामुळे ‘एन्क्रिप्टेड’ एवढा एक शब्द लिहून व्हेंडर मोकळा होतो. सहकारी संस्थांच्या संचालकांनी निविदेत मेमरीचा वेगळा उल्लेख करावा आणि ॲटेस्टेशनचा अहवाल कोण पडताळणार त्याचे नाव लिहून घ्यावे. आपल्या पुरवणीने पुढच्या लेखात एवढे छापले, तर माझ्यासारख्यांना पाच महिन्यांनी जाऊन लॉग उघडायची वेळ येणार नाही.

आपला नम्र,
एक सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर, पुणे