शपथेनंतरच्या चिठ्ठ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मुले रांगेत उभी राहून व्यसनमुक्तीची शपथ घेतात, पोस्टर स्पर्धेची बक्षिसे वाटली जातात आणि विषय वर्षभरासाठी बासनात जातो. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. यंदा शपथेनंतर वर्गात खडूचा रिकामा खोका ठेवून, नाव न घालता प्रश्न टाका, असे मी सांगितले. त्यातली एक चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्ये आहे : "मित्र खूप पिऊन झोपला तर झोपू द्यायचं की उठवायचं? घरी कळलं तर मारतील."

हे लिहिणाऱ्याला कर्करोगाची चित्रे दाखवून काय साधणार? त्या तासाला धडा बाजूला ठेवून मी सांगितले की, पिणे थांबल्यावरही रक्तातले मद्य काही काळ वाढतच राहते, त्यामुळे 'झोपला की उतरेल' हा समज घातक आहे. अशा मित्राला एकटे सोडू नये, उताणा ठेवल्यास उलटी श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो म्हणून कुशीवर वळवावे, आणि हाका मारूनही तो जागा होत नसेल किंवा श्वास मंदावला असेल तर लगेच 108 ला फोन करावा. मागच्या बाकांवरची मुलेही हे वहीत उतरवून घेत होती.

कल्याणीनगरमध्ये 19 मे 2024 च्या पहाटे भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला आणि गाडी सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती असल्याचे समोर आले, तेव्हा त्याला मद्य दिल्याच्या आरोपावरून पबवर कारवाई झाली. ती हवीच होती. पण राज्यात बिअरसाठी 21 व कडक मद्यासाठी 25 वर्षांची अट आहे, ई-सिगारेटवर 2019 पासून बंदी आहे, तरी पेनसारखी दिसणारी ई-सिगारेट दप्तरात सापडतेच.

पूर्वी मी जिथे शिकवत होते, तिथे एका मुलाजवळ गांजाची पुडी सापडली आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांच्या हाती दाखला ठेवला गेला. त्या बैठकीत मी गप्प बसले, याची खंत आजही आहे. त्याच्याबरोबर असणारी मुले त्यानंतर एकाही शिक्षकाकडे फिरकली नाहीत. वास्तविक 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदासुद्धा, थोड्या प्रमाणातील पदार्थाबाबत, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यातून सूट देतो. मग शाळेचा नियम त्याहून कठोर का असावा?

पुण्यात 1986 पासून मुक्तांगणसारखी संस्था व्यसनमुक्तीचे काम करते आहे. शिक्षण विभागाने अशा अनुभवी समुपदेशकांना बरोबर घेऊन अकरावीच्या वेळापत्रकात महिन्याला एक तास केवळ प्रश्नोत्तरांचा ठेवावा, आणि आपण होऊन मदत मागणाऱ्या विद्यार्थ्याला दाखला दिला जाणार नाही, अशी लेखी हमी प्रत्येक प्राचार्यांकडून घ्यावी. माझ्या खोक्यात अजून अकरा चिठ्ठ्या आहेत. त्यांतल्या चारांची उत्तरे मला येत नाहीत आणि मुले रोज विचारत आहेत.

— एक शिक्षिका, कोथरूड, पुणे